अठ्ठावीस दिवसांची सोबत

यवतमाळच्या बसस्थानकावरून सकाळी अमरावतीची गाडी धरली की नेर येईपर्यंत आजूबाजूला दोन-चार ओळखीचे प्राध्यापक हमखास निघतात. कोणी मूल्यमापनाला चाललेले, कोणी पीएच.डी.च्या गाईडकडे, कोणी प्लेसमेंटची, म्हणजे बढतीची, फाईल पोटाशी धरून सहसंचालक कार्यालयाकडे. मी तेहतीस वर्षे या गाडीने गेलो, आणि या गाडीतल्या बोलण्यातला एक शब्द मला फार दिवसांपासून टोचतो आहे. तो शब्द म्हणजे रिफ्रेशर, कॉलेजच्या शिक्षकांसाठीचा प्रशिक्षणवर्ग.

आमच्यात रिफ्रेशर ‘लागतं’. मग ते ‘मिळतं’, ‘करून टाकायचं’ असतं, आणि एकदाचं ‘निघून जातं’. “तुमचं झालं का?” “ऑनलाईन उरकलं.” ताजेतवाने होणे हा ज्या शब्दाचा मूळ अर्थ, तो शब्द तापासारखा येऊन जातो. त्यात काय शिकलात, असे कोणी विचारत नाही. तिथे कोण भेटले, हा प्रश्न तर आता संपल्यातच जमा आहे. माझ्या आयुष्यात मात्र तोच प्रश्न सगळ्यात मोठा ठरला, म्हणून हा लेख.

१९९५ च्या हिवाळ्यात मी ओरिएंटेशनसाठी, म्हणजे नव्या प्राध्यापकांच्या अठ्ठावीस दिवसांच्या प्रशिक्षणासाठी, नागपूरला गेलो. नोकरीला तीन वर्षे झाली होती. तालुक्याच्या गावातले कॉलेज, अर्थशास्त्र विषय, आणि विभागात मी एकटा. ही ‘एकटा’ गोष्ट बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. विभागप्रमुख मीच, विभागातला शेवटचा माणूसही मीच. एखादा सिद्धांत माझ्या डोक्यात चुकीचा बसला असेल तर तो दुरुस्त करणारे शंभर किलोमीटरच्या आत कोणी नव्हते. ग्रंथालयात होते ते पुस्तक मी विद्यार्थी असतानाचेच. वर्ग भरायचा तो जुलै ते सप्टेंबर. दिवाळीनंतर वेचणी सुरू झाली की अर्धी मुले शेतात. मग पंधरा-वीस जणांसमोर मी मागणीची लवचिकता शिकवायचो, आणि तिकडे त्यांच्या घरचा कापूस कोणत्या भावाने जातो याची चिंता त्यांच्या चेहऱ्यावर दिसायची. ती चिंता आणि माझा फळ्यावरचा वक्र यांची गाठ कशी घालायची, हे मला कोणी शिकवलेले नव्हते. आपल्याकडे बालवाडीच्या ताईला प्रशिक्षण लागते, शाळेच्या गुरुजीला डी.एड., बी.एड. लागते, कॉलेजात शिकवणाऱ्याने मात्र एम.ए. झाल्यावर थेट वर्गात उभे राहायचे.

हे प्रशिक्षण जिथे होते त्या स्टाफ कॉलेजात आम्ही अडतीस जण होतो. विदर्भाच्या कानाकोपऱ्यातून आलेले. गडचिरोलीकडचे वनस्पतिशास्त्राचे सर, वर्ध्याच्या संस्कृतच्या मॅडम, आमच्याच जिल्ह्यातल्या उमरखेडचे इतिहासाचे एक सर. या सरांची आणि माझी नोकरी एकाच जिल्ह्यात, पण ओळख झाली ती नागपुरात. उमरखेडच्या माणसाला नांदेड जवळ पडते आणि वणीच्या माणसाला चंद्रपूर. सोळा तालुक्यांचा आमचा जिल्हा असा चारी दिशांना तोंड करून बसलेला आहे.

व्याख्यानांपैकी काही उत्तम होती, काही मी विसरलो. विसरलो नाही ती एक दुपार. प्रत्येकाने दहा मिनिटांचा पाठ घ्यायचा आणि बाकीच्यांनी विद्यार्थी व्हायचे. मी मागणीची लवचिकता घेतली. पाठ संपल्यावर संस्कृतच्या मॅडम उठल्या आणि शांतपणे म्हणाल्या की मला काही समजले नाही, आणि तुम्ही मागच्या बाकांकडे एकदाही पाहिले नाही. तीन वर्षे मी मागच्या बाकांकडे न पाहता शिकवत होतो. तिथेच तर वेचणीहून आलेली मुले बसायची. त्या रात्री वसतिगृहाच्या खोलीत मला झोप आली नाही. उमरखेडचे सर जागेच होते. आम्ही दोघे फुटाळा तलावाच्या दिशेने चालत निघालो, आणि मला जन्मात पहिल्यांदा एका सहकाऱ्यापाशी कबूल करता आले की वर्गात जाताना मला भीती वाटते. त्यांनाही वाटायची. हे मला अठ्ठावीस दिवसांतले सगळ्यात मोलाचे शिक्षण वाटते, आणि ते वेळापत्रकात कुठेच नव्हते.

हे अठ्ठावीस दिवस आले कुठून, हे सांगायला हवे. कॉलेजातल्या शिक्षकालाही शिकत राहावे लागते, हे स्वातंत्र्यानंतरच्या राधाकृष्णन आयोगापासून कागदावर येत राहिले. कोठारी आयोगाने नव्या अधिव्याख्यात्यांना रुळवण्याची गरज मांडली. प्रत्यक्षात हालचाल झाली ती १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर. १९८७ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभर ४८ अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे मंजूर केली. ओरिएंटेशन तेव्हा चार आठवड्यांचे होते, एकूण १४४ तास. रिफ्रेशर तीन आठवड्यांचे, १०८ तास. त्याच सुमारास मेहरोत्रा समितीच्या शिफारशींमुळे हे प्रशिक्षण बढतीशी जोडले गेले. हेतू चांगला होता. सक्ती नसती तर आमच्यासारख्या कॉलेजांनी माणूस सोडलाच नसता. पण ज्या दिवशी शिकणे वेतनश्रेणीला बांधले गेले, त्या दिवसापासून शिकण्यापेक्षा प्रमाणपत्राचा कागद हळूहळू वजनदार होत गेला. २०१० च्या नियमांनी एपीआयचे, म्हणजे शैक्षणिक कामगिरीचे, गुण आणले आणि चर्चासत्रांचे, शोधनिबंधांचे पीक आले. पैसे भरून लेख छापणाऱ्या नियतकालिकांनी आमच्या पिढीची किती शक्ती खाल्ली! त्यांना आवर घालायला पुणे विद्यापीठात मान्य नियतकालिकांच्या केअर यादीचे केंद्र उभे राहिले, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत आयोगाने ती यादीही बंद केली.

सध्याचे गणित २०१८ च्या नियमावलीचे आहे. सहायक प्राध्यापक ५७,७०० रुपयांच्या मूळ वेतनावर लेव्हल १० मध्ये लागतो. पुढची लेव्हल ६८,९०० ची. पीएच.डी. असेल तर चार वर्षांनी, एम.फिल. असेल तर पाच, दोन्ही नसेल तर सहा वर्षांनी तिथे जाता येते, मात्र ओरिएंटेशन-रिफ्रेशरचे कागद हवेत. आठवड्याला सोळा तास प्रत्यक्ष अध्यापन. त्याशिवाय प्रवेश, परीक्षा, नॅकच्या फायली, राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर, निवडणुकीची ड्यूटी. हे सगळे सांभाळून माणूस शिकत राहावा अशी अपेक्षा आहे, आणि ती मला चुकीची वाटत नाही. चूक आहे ती शिकण्याच्या जागेबद्दल.

कारण ती जागाच आता उरलेली नाही. स्टाफ कॉलेजांची २०१५ मध्ये मनुष्यबळ विकास केंद्रे झाली. २०१८ मध्ये ‘अर्पित’ नावाने चाळीस तासांचे ऑनलाईन रिफ्रेशर आले. करोनाच्या काळात जे होते ते सगळेच पडद्यावर गेले, आणि करोना गेला तरी फारसे परत आले नाही. २०२३ च्या सप्टेंबरात शिक्षक प्रशिक्षणाचे मालवीय मिशन सुरू झाले आणि देशभरात १११ केंद्रे ठरली. अमरावती विद्यापीठाचे केंद्रही आता याच नावाने चालते. नव्या शैक्षणिक धोरणाची ओळख करून देणारा आठ दिवसांचा ऑनलाईन वर्ग आमच्या जिल्ह्यातल्या बहुतेक तरुण प्राध्यापकांनी केलेला आहे.

पडद्याला मी सरसकट नावे ठेवणार नाही. १९९५ च्या आमच्या अडतीस जणांत बाया फक्त सात होत्या, आणि त्याचे कारण सगळ्यांना ठाऊक होते. तान्हे लेकरू, आजारी सासू, घरातला स्वयंपाक सोडून चार आठवडे नागपूरला राहायला किती घरे परवानगी देणार? माझ्या एका सहकारी मॅडमचे ओरिएंटेशन याच पायी नऊ वर्षे लांबले, आणि त्याबरोबर बढतीही. ऑनलाईनने त्यांच्यासारख्यांना दार उघडून दिले, हे मोठेच काम आहे. पण त्याच मॅडमनी पुढचे रिफ्रेशर घरून केले तेव्हा कुकरच्या शिट्ट्या मोजत केले, कॉलेजातले तास न चुकवता केले, आणि दोन आठवड्यांत त्यांना एकाही सहभागी माणसाचा चेहरा नीट आठवेनासा झाला. पूर्वी बाईला घर सोडता येत नव्हते. आता घरही सुटत नाही, कॉलेजही सुटत नाही, आणि वर प्रशिक्षणही घरातच येऊन बसते. पाळणाघराची सोय असलेले एखादे निवासी केंद्र विभागात एका ठिकाणी तरी का नसावे?

वैद्यकीय शिक्षणाकडे पाहिले की असे एकत्र बसून शिकणे अशक्य नाही असे वाटते. यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ पासूनचे. तिथल्या डॉक्टर अध्यापकांना शिकवायचे कसे याचा मूलभूत अभ्यासक्रम करावा लागतो, आणि त्यासाठीचे एक मोठे केंद्र शेजारी वर्धा जिल्ह्यात सावंगी मेघेला आहे. छोट्या गटात बसून, एकमेकांचे पाठ पाहून, प्रश्नपत्रिका कशी काढायची हेही हाताने करून शिकतात. रोग्याच्या जिवाशी गाठ आहे म्हणून तिथे अध्यापन ही शिकायची गोष्ट मानली गेली. बी.ए.च्या मुलाच्या आयुष्याशी गाठ नाही, असे कोण म्हणेल?

आता ज्यांना या बढतीच्या शिडीची पहिली पायरीही नाही त्यांच्याविषयी. २०१७ च्या मे महिन्यात राज्याने प्राध्यापक भरतीवर निर्बंध घातले. पुढे २०१८ मध्ये ३,५८० आणि २०२१ मध्ये २,०८८ जागांना परवानगी मिळाली, पण निवृत्त होणारे त्याहून वेगाने निघून गेले. रिकाम्या जागी सीएचबीचे शिक्षक आले, म्हणजे तासिका तत्त्वावरचे. आमच्या जिल्ह्यातल्या कितीतरी कॉलेजांत आज वर्ग त्यांच्यावर चालतो. नेट-सेट झालेली, पीएच.डी. झालेली ही मुले-मुली जेवढे तास घेतील तेवढ्याचेच मानधन घेतात. उन्हाळ्यात काही नाही, दिवाळीच्या सुट्टीत काही नाही, आणि झालेल्या तासांचे पैसे कित्येकदा महिनोन्‌महिने येत नाहीत. जूनमध्ये पुन्हा मुलाखत. बढती नाही, त्यामुळे रिफ्रेशरची सक्तीही नाही. हौसेने करायचे म्हटले तर नियमात वाट आहे, पण दोन-तीन आठवडे वर्ग सोडला तर तेवढ्या दिवसांचे मानधन बुडते. सुट्टीच्या दिवसांत त्यातले काही कोचिंग क्लासवर शिकवतात, काही घरची शेती करतात. मी अशा एका मुलाला सोयाबीन सोंगून थेट तासावर आलेला पाहिला आहे. मुलांना त्याचे काही वेगळे वाटले नाही, कारण तीही तिथूनच आली होती. लग्न ठरत नाही हे दुःख वेगळेच. पोरगा काय करतो, या प्रश्नाला ‘प्राध्यापक आहे’ असे उत्तर दिले की पुढचा प्रश्न ‘परमनंट का?’ हाच येतो, आणि तिथे बैठक संपते.

मनाच्या आरोग्याबद्दल यवतमाळ जिल्ह्याला कोणी नव्याने सांगावे असे काही उरलेले नाही. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांच्या कुटुंबाचा अंत १९८६ च्या १९ मार्चला झाला. तेव्हापासून हा जिल्हा देशाच्या वर्तमानपत्रांत एकाच कारणासाठी, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांसाठी, येत राहिला. २०१५ नंतर शासनाने बळीराजा चेतना अभियान आणले, शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी प्रेरणा प्रकल्प आणला. पण वर्गात बसलेल्या मुलाच्या घरी असे काही घडते तेव्हा पहिला फोन बहुतेक सरांना येतो. मी चार वेळा अशा घरी गेलो आहे. ओसरीवर बसायचे, बोलायचे काही नसते. परत येऊन दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात हजेरी घ्यायची, आणि त्या नावापाशी थांबायचे. पहिल्या वेळी मी नाव टाळून पुढे गेलो. ते चूक की बरोबर हे विचारायला मला कोणी नव्हते. उमरखेडच्या सरांना पत्र लिहिले. त्यांचे उत्तर आठ दिवसांनी आले, आणि त्यांनीही तसेच केल्याचे त्यात होते.

विद्यार्थ्यांच्या मनाची दखल आता वरून घेतली जाते आहे, आणि ते योग्यच आहे. २०२५ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथे समुपदेशक, आणि शिक्षक-शिक्षकेतर सगळ्यांना वर्षातून दोनदा मानसिक प्रथमोपचाराचे प्रशिक्षण. कोणाचे काय बिघडते आहे ते शिक्षकाने ओळखायचे. शिक्षकाचे काय बिघडते आहे ते कोणी ओळखायचे? मालवीय मिशनच्या त्या आठ दिवसांना आठ विषय नेमलेले आहेत : बहुशाखीय शिक्षण, भारतीय ज्ञानपरंपरा, नेतृत्व आणि प्रशासन, उच्चशिक्षण आणि समाज, संशोधन, कौशल्यविकास, विद्यार्थ्यांमधली विविधता, माहिती तंत्रज्ञान. या आठांत शिक्षकाच्या स्वतःच्या जिवाला नववी जागा करावी, अशी माझी कळकळीची मागणी आहे. रक्तदाब, मणक्याचे दुखणे, बसलेला आवाज, घरासाठी पतसंस्थेतून काढलेल्या कर्जाचे हप्ते, १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन नसल्याची धास्ती. या गोष्टी वर्गात येतात, शिकवण्यात उतरतात. त्या खासगी म्हणून बाजूला सारता येत नाहीत.

कोणी म्हणेल, एवढे मानसोपचारतज्ज्ञ आणायचे कुठून? तेवढे लागतही नाहीत, याचा पुरावा आमच्या शेजारच्याच जिल्ह्यात आहे. २०११ ते २०१३ या काळात अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच साध्या माणसांना ऐकायला, धीर द्यायला, वेळ आली तर डॉक्टरकडे न्यायला शिकवले. नैराश्याने पिडलेल्यांपैकी मदत घेणारे आधी शंभरात चार होते, ते दीड वर्षात सत्तावीसवर गेले. हे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त छापून आले. गावकऱ्यांना जे जमले ते प्राध्यापकांना एकमेकांसाठी का जमू नये? टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा क्रमांक आहे, मराठीत बोलता येते, आणि तो स्टाफरूमच्या भिंतीवर लिहिलेला असावा. पण त्याआधी स्टाफरूममध्ये शेजारच्या खुर्चीवर कोणी तरी असावे.

तसे कोणी तरी असण्याची परंपरा आमच्याकडे होती. आयोगाच्या सक्तीवर न थांबता प्राध्यापकांनी आपल्या परिषदा काढल्या होत्या. मराठी अर्थशास्त्र परिषदेच्या अधिवेशनांना मी अनेक वर्षे गेलो. कधी कोकणात, कधी मराठवाड्यात. यजमान कॉलेजच्या हॉलमध्ये गाद्या टाकलेल्या असायच्या. दिवसा निबंधवाचन आणि रात्री त्या गाद्यांवर खरे वादविवाद. कापूस एकाधिकार खरेदी योजनेवर मी ऐकलेला सर्वोत्तम वाद अशाच एका रात्री दीड वाजता झाला, आणि पुढच्या वर्षी तो जसाच्या तसा माझ्या वर्गात गेला. मराठी समाजशास्त्र परिषदेचेही असेच सांगणारे मित्र आहेत. संघटनाही होत्या. नुटा या प्राध्यापक संघटनेचे बुलेटिन आमच्याकडे घरोघर वाचले जायचे. आपले हक्क कोणत्या कलमात आहेत हे खेड्यातल्या प्राध्यापकाला त्यातूनच कळायचे. २०१३ मध्ये परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकून राज्यभरचे प्राध्यापक ७१ दिवस उभे राहिले. त्यात विद्यार्थ्यांचे हाल झाले, हे मला आजही खुपते. पण एकट्या विभागातला एकटा माणूस त्या दिवसांत एकटा नव्हता, हेही तितकेच खरे.

गेल्या वर्षी मी निवृत्त झालो. कपाट आवरताना १९९५ ची सायक्लोस्टाईल केलेली यादी सापडली. अडतीस नावे, पत्ते, शाई फिकी पडलेली. सात जण आता नाहीत. उमरखेडचे सर नांदेडला मुलाकडे राहतात. फोन लावला तर त्यांनी आधी विचारले, मागच्या बाकांकडे पाहता की नाही अजून?

त्या फोननंतर आम्ही काही जणांनी यवतमाळात एक बैठक सुरू केली. महिन्याचा शेवटचा शनिवार, माझ्या घरची गच्ची. सात-आठ जण येतात, वेगवेगळ्या कॉलेजांतले, वेगवेगळ्या विषयांचे. नियम दोनच : कॅसची, म्हणजे बढतीची, फाईल हा विषय काढायचा नाही, आणि दर वेळी एकाने आपला फसलेला तास सांगायचा. प्रमाणपत्र नाही. चहा आणि चिवडा आहे.

ऑगस्टच्या शनिवारी घाटंजीकडची एक सीएचबीवरची मुलगी बोलली. तिच्या वर्गात कोलाम वस्त्यांवरून येणाऱ्या तीन मुली आहेत. घरी कोलामी, गावात वऱ्हाडी, पुस्तकात प्रमाण मराठी. ती कविता शिकवत होती आणि त्या तिघी खाली मान घालून बसल्या होत्या. तिने कविता थांबवली आणि त्यांना विचारले की पावसाच्या पहिल्या दिवसाला तुमच्याकडे काय म्हणतात. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एकीने हळूच एक शब्द सांगितला, दुसरीने तो दुरुस्त केला, आणि दोघींचा त्यावरून वाद लागला. तास संपल्याची घंटा झाली तरी कविता तिथेच राहिली. हा तास फसला की साधला, असे तिने आम्हाला विचारले. भौतिकशास्त्राचे सर म्हणाले, साधला. मराठीच्या मॅडम म्हणाल्या, कविता राहिली ना पण. तिला सात वाजताची गाडी गाठायची होती, म्हणून आम्ही सगळेच तिच्याबरोबर स्टँडपर्यंत चालत निघालो, आणि वाटेत मॅडम आणि सर दोघेही आपापल्या मतावर अडून राहिले. गाडी लागलेली होती. ती खिडकीत बसली आणि तिने मॅडमना विचारले, पुढच्या वेळी तुम्ही सांगाल ना तुमचा?